दाखवायला नेलेली गाडी

माणसाने हत्ती पाळावा, कोर्टात उभं राहावं, फार तर नवरा-बायकोच्या भांडणात मध्यस्थी करावी, पण सासऱ्याची गाडी दुरुस्तीला घेऊ नये. हे शहाणपण मी आज सांगतोय. त्या दिवशी मात्र सगळा गोतावळा जेवायला जमलेला असताना मी पाण्याचा पेला खाली ठेवला, घसा साफ केला आणि म्हणालो, "आप्पा, गाडीचं माझ्याकडे लागलं!"

आप्पा म्हणजे माझे सासरे. गाडी म्हणजे त्यांची तरुणपणातली स्पोर्ट्स कार. लाल, बुटकी, कापडी टपाची आणि फक्त दोन माणसांची. कित्येक वर्षं ती घरामागे ताडपत्रीखाली पडून होती आणि कुणाचं काही बिघडलं नव्हतं. पण डोळ्यांच्या डॉक्टरने आप्पांना सरळ सांगितलं होतं, की आताचं लायसन संपलं की संपलं, पुढच्यासाठी मी सही करणार नाही. त्या दिवशी जेवून हात धुऊन आल्यावर आप्पा म्हणाले, "लायसन संपायच्या आत एकदा ती चालवायची होती. बाकी काही नाही."

यावर माझा साडू म्हणाला, "भंगार आहे हो ते, आप्पा! माझी नवी गाडी घ्या की चालवायला. स्वतःच वळते, स्वतःच थांबते."

साडू इंजिनियर आहे. हे तो स्वतः सांगतो, सांगायचं राहिलं तर त्याची बायको सांगते. त्याने ते 'भंगार' तोंडातून काढलं नसतं, तर मी निमूटपणे बडीशेप चघळत बसलो असतो. पण म्हटलं, हा इंजिनियर असून जमत नाही म्हणतो, तर ते आपल्याला जमायलाच हवं. या तर्कात काहीतरी चुकतंय हे बायकोच्या लगेच लक्षात आलं. तिने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. पण मी तोवर बोलून बसलो होतो.

मी वीज कंपनीच्या तक्रार विभागात आहे. यंत्रांशी माझा संबंध एवढाच, की ती बंद पडली की लोक मला शिव्या देतात. पण बावीस खात्यांच्या सह्या गोळा करायची सवय असलेल्या माणसाला गाडीचे चार सुटे भाग गोळा करणं काय जड आहे, असं मला वाटलं.

गाडी ओढत आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये आणली. मिस्त्री आला. बॉनेट उघडून त्याने आत डोकं घातलं आणि आतूनच निकाल दिला, "पेट्रोलचा पंप गेलाय. बाकी म्हातारी ठणठणीत आहे. नवीन मिळत नाही याचं सामान. जुन्या बाजारातून पंप आणा, मी तासाभरात चालू करून देतो."

वाचकहो, हे वाक्य नीट वाचून ठेवा. एक पंप. फक्त एक पंप हवा होता.

मिस्त्री गेला आणि वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर खाली उतरले. आमच्या इमारतीत कुणी खिळा ठोकायला घेतला तरी मास्तर खाली उतरतात. त्यांनी गाडीभोवती प्रदक्षिणा घातली आणि विचारलं, "बाजारात जाणार? काय घेऊन जाणार?"

"पिशवी," मी म्हणालो.

"आणि नमुना?"

"नमुना कशाला? पेट्रोलचा पंप म्हणून सांगीन."

मास्तरांनी माझ्याकडे नापास मुलाकडे बघावं तसं बघितलं. "शर्टाचं बटण आणायला जाता तेव्हा बायको शर्ट देते ना बरोबर? का नुसतं 'पांढरं, गोल' म्हणून सांगता? अहो, पंप शंभर प्रकारचे! नमुना घेतल्याशिवाय गेलात तर तुम्हाला स्टोव्हचा पंपसुद्धा देतील आणि तुम्ही आनंदाने घेऊन याल."

मुद्दा बिनतोड होता. आमच्या घरात आजवर एकही वस्तू नमुना नेल्याशिवाय आलेली नाही. कुकरची रिंग आणायला आम्ही कुकरची रिंग नेतो, नळाचा वायसर आणायला नळाचा वायसर नेतो, तोवर घरात पाणी बंद. पडद्याचं कापड जुळवायला बायकोने एकदा खिडकीवरचा पडदाच नेला होता आणि आठवडाभर समोरच्या घरातल्यांनी आमचा संसार बघितला. तेव्हा मी पंप सोडवला, कागदात गुंडाळला आणि निघालो.

जुन्या गाड्यांच्या सामानाचा बाजार म्हणजे एक लांबलचक बोळ. दोन्ही बाजूंना दुकानं, दुकानांतून ओसंडून रस्त्यावर आलेले दरवाजे, बंपर, सीट, आणि सगळ्यावर काळ्या तेलाचा हात फिरवलेला. पहिल्याच दुकानात कानटोपी घातलेला एक मालक बसला होता. बाहेर उन्हाने डांबर वितळत होतं आणि हा कानटोपीत. त्याने माझा पंप उलटा केला, सुलटा केला, हुंगला आणि मागच्या फळीवर ठेवून दिला.

"ठेवून जा. आला की कळवतो."

"पण हा माझा..."

"दाखवायला काहीतरी लागेल की नाही मला? चार माणसांना विचारायचं म्हणजे तोंडाने पंपाचं चित्र काढू का?" मग तो जरा मऊ झाला. "आणि एक सांगू का? पंप कार्बुरेटरला जुळायला हवा. कार्बुरेटर बघितल्याशिवाय पंप देणं म्हणजे नवरी न बघता लग्न लावणं. घेऊन या एकदा दाखवायला."

मला हे फार पटलं. तक्रार विभागात आम्हीही असंच करतो. मीटरची तक्रार आली की जुनी बिलं मागवतो, जुनी बिलं आली की घराची कागदपत्रं मागवतो, तोवर तक्रारदार दमतो. पण आपण दमणाऱ्यातले नव्हेत, म्हणून मी कार्बुरेटर घेऊन गेलो.

आणि इथे माझ्या डोक्यात त्या तीन शब्दांनी घर केलं, ज्यांनी आमच्यासारख्यांची निम्मी कुटुंबं धुळीला मिळवली आहेत. ते शब्द म्हणजे 'जातोच आहोत तर'. जातोच आहोत तर हेडलाइटही दाखवून येऊ, एकाची कड जरा गंजली आहे. जातोच आहोत तर गिअरची मूठ नेऊ, तिला चीर गेली आहे. जातोच आहोत तर स्टिअरिंगही नेऊ. स्टिअरिंगला काहीही झालेलं नव्हतं, पण मास्तर म्हणाले की एवढी सगळी गाडी नवी दिसणार आणि स्टिअरिंग तेवढं जुनं दिसेल, बरं नाही वाटणार. प्रत्येक भागासाठी बोळात वेगळं दुकान होतं. हेडलाइटवाला वेगळा, वायरिंगवाला वेगळा. एकजण तर फक्त दारांच्या कड्या विकत होता आणि जगाकडे अतिशय तुच्छतेने बघत होता. सगळ्यांचं उत्तर मात्र एकच, "ठेवून जा. कळवतो."

मी ठेवत गेलो. पिशवी घेऊन जायचो, रिकामी पिशवी घेऊन यायचो. ऑफिसात एकाने विचारलं की तुम्ही रोज बाजारात काही विकायला जाता का. मी त्याच्याशी बोलणं सोडलं.

आप्पा दर रविवारी प्रगती बघायला येत. पार्किंगमध्ये त्यांच्यासाठी खुर्ची मांडायची. ते चष्मा पुसून गाडीकडे बघत बसायचे.

"हेडलाइट दिसत नाहीत," ते एकदा म्हणाले.

"दाखवायला नेलेत, आप्पा."

पुढच्या रविवारी म्हणाले, "स्टिअरिंग?"

"तेही दाखवायला नेलंय."

त्यांनी चष्मा पुन्हा एकदा पुसला. "जावईबापू, गाडी दुरुस्त होताना वाढत जाते, अशी माझी समजूत होती."

"ही पद्धत वेगळी आहे, आप्पा. आधी सगळं एकदा दाखवून घ्यायचं."

"कुणाला?" आप्पांनी विचारलं. मी चहा आणायला वर गेलो. वर बायको म्हणाली, "वडील माझे आहेत म्हणून सांगते. ते विचारत नाहीत, पण रोज कपाटातून लायसन काढून तारीख बघतात. अहो, एवढं एक तरी पुरं करा." मला वाईट वाटलं. खरोखर वाटलं. त्या वाईट वाटण्याच्या भरात मी दुसऱ्या दिवशी दोन्ही सीट दाखवायला घेऊन गेलो.

मधल्या काळात परिवहन कार्यालयाचं एक प्रकरण झालं. गाडीचं रस्त्यावर चालण्याचं प्रमाणपत्र कधीच संपलेलं होतं, ते नव्याने हवं होतं. खिडकीतल्या कारकुनाने इंजिन नंबरची पट्टी बघायला मागितली. मी खिशातून काढून दिली.

तो पट्टीकडे बघत राहिला. मग माझ्याकडे. "ही गाडीवर का नाही?"

"बाजारात दाखवायला काढली होती. कुठलं मॉडेल ते त्यांना कळावं म्हणून."

"पट्टी गाडीवर असेल तर ती गाडी. पट्टी खिशात असेल तर ते नुसतं पत्र्याचं खोकं. गाडी कुठे आहे?"

"गाडी..." मी हिशेब केला. "थोडी घरी आहे. बाकीची बाजारात."

"सगळी एका जागी आली की या," असं म्हणून त्याने खिडकी लावून घेतली. मला संताप आला नाही, उलट कौतुक वाटलं. वीस वर्षांच्या नोकरीत इतकं नेटकं हाकलून देणं मला जमलेलं नाही.

आप्पांच्या लायसनचा शेवटचा आठवडा उजाडला. लायसन रविवारी संपत होतं. बाजारातून एकाचाही निरोप नव्हता. मी अर्धा दिवस रजा टाकली आणि निश्चय केला, की खड्ड्यात गेले नवे भाग, आपले जुने परत आणायचे, मिस्त्रीच्या पाया पडायचं आणि कसंही करून गाडी उभी करायची.

कानटोपीवाल्याची फळी रिकामी होती.

"माझा पंप?"

"विकला की."

"विकला? माझा पंप?"

"तुमचा कसला? तुम्हाला जुना नको होता म्हणून तर दुसरा शोधत होतात! आणि इतके दिवस दुकानात पडून आहे म्हणजे माणूस विकायलाच ठेवून गेला, असंच कुणीही समजणार." मग तो खुशीत येऊन म्हणाला, "दातांचे डॉक्टर आहेत एक. सेम गाडी आहे त्यांच्याकडे. एकेक भाग शोधत होते बिचारे. पंप कुणा मिस्त्रीकडून दुरुस्त करून घेतला, मस्त चालला म्हणे."

मी बोळभर पळालो. कार्बुरेटर दातांच्या डॉक्टरने नेला होता. हेडलाइट दातांच्या डॉक्टरने नेले होते. सीट नेताना तर त्याने दुकानदाराला मिठाई दिली होती. कड्यावाल्याने माझ्याकडे वर न बघताच सांगितलं, "रसिक माणूस आहे. तुमच्यासारखं नुसतं ठेवून जात नाही."

मी थेट दवाखाना गाठला. बाहेर बसलेल्या बाईंनी विचारलं, "दात कुठला?"

"दात नाही. डॉक्टरांशी खाजगी बोलायचंय."

"पेशंट असाल तरच आत सोडते. बाकीच्यांनी रविवारी." रविवार म्हणजे लायसनचा शेवटचा दिवस, तो काही बोलण्यात घालवायचा नव्हता. मी म्हणालो, "उजवीकडची दाढ." बोलून गेलो आणि गंमत म्हणजे त्या क्षणापासून ती खरंच दुखायला लागली.

डॉक्टर तरुण, हसरा आणि भयंकर बोलका होता. मी खुर्चीत बसता बसता म्हणालो, "डॉक्टर, मी त्या गाडीसंबंधी..." पण गाडी हा शब्द ऐकताच त्याचे डोळे चमकले, त्याने 'आ करा' म्हणून माझ्या गालात कापसाचे बोळे कोंबले आणि मशीन सुरू केलं.

"तुम्हालाही जुन्या गाड्यांचा नाद? वा! ऐका मग. माझ्याकडे एक जुनी स्पोर्ट्स कार आहे. नुसता सांगाडा घेतला होता. आणि बाजारात काय नशीब उघडलं माझं! कुणी एका मूर्ख माणसाने अख्खी गाडी सुटी करून दुकानादुकानांत वाटून ठेवलेली. पंप, कार्बुरेटर, स्टिअरिंग, सीट, सगळं अस्सल आणि एकाच गाडीचं! विचार करा, हा माणूस किती मूर्ख असेल!"

"आँ," मी म्हणालो.

"नाही का? चालू होण्यासारखी गाडी होती हो! माणसाने दारूच्या नशेत केलं असेल, नाहीतर बायको सोडून गेली असेल. दुसरं काय कारण असणार?"

"आँ आँ!"

"पटतंय ना? जरा मान स्थिर ठेवा."

ज्यांनी आपली अब्रू तोंडात कापूस असताना जाताना पाहिली आहे, त्यांनाच माझं दुःख कळेल. कापूस काढेपर्यंत मी मनाशी एक कडक भाषण तयार केलं होतं. त्यात 'चोरीचा माल' होतं, 'पोलीस' होतं, 'माझ्या सासऱ्यांची गाडी' होतं. बोळे निघाले. डॉक्टर हसून माझ्याकडे बघत होता. मी थुंकलो, तोंड पुसलं आणि म्हणालो, "खरंच. काय मूर्ख माणूस असेल हो!"

का म्हणालो, हे मला विचारू नका. तो मूर्ख मीच, असं सांगितलं असतं तर गाडी परत मिळाली असती की नाही देव जाणे, पण मूर्खपणा कायमचा माझ्या नावावर झाला असता. त्याऐवजी मी आप्पांची गोष्ट सांगितली. लायसन, डोळे, रविवार. त्यांच्याकडेही अशीच गाडी होती, एवढंच म्हणालो. होती म्हणताना आवाज जरा हलला. डॉक्टर गलबलला. म्हणाला, "आणा की त्यांना रविवारी! आमच्या कॉलनीमागचा रस्ता सुट्टीच्या दिवशी ओसाड असतो. मी शेजारी बसतो, त्यांना चालवू दे." माणूस चांगला होता. त्यामुळे मला आणखीच राग आला.

रविवारी मी आप्पांना घेऊन गेलो. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि खिशात लायसन होतं. डॉक्टरच्या दारात लाल गाडी उभी होती, धुतलेली, चकचकीत. आप्पा थांबले. मग हळूहळू गाडीभोवती फिरले. वाकून त्यांनी स्टिअरिंगवर हात फिरवला. त्यावरचं चामडं एकदा उसवलं होतं, तेव्हा सासूबाईंनी ते काळ्या दोऱ्याने शिवलं होतं. तो दोरा तसाच होता. त्यांनी गिअरच्या मुठीवरची चीर अंगठ्याने चाचपली. मग वर बघितलं, माझ्याकडे. मी आकाशात ढग शोधत होतो. ढग नव्हते.

आप्पा ड्रायव्हरच्या जागेवर बसले आणि बाहेर बघून म्हणाले, "आरसा कुठे आहे?"

डॉक्टर ओशाळला. "या बाजूचा आरसा तेवढा मिळाला नाही हो. सगळा बाजार पालथा घातला."

"मग मी चालवणार नाही. मला कडेचं नीट दिसत नाही. आरसा नसेल तर कुणाच्या तरी अंगावर घालीन." असं म्हणून आप्पा खाली उतरले. त्यांनी गाडीचं दार इतक्या हळू लावलं, की मला ते बघवलं नाही.

"मी आणतो आरसा," मी म्हणालो. "आलोच!"

आमच्या पार्किंगमध्ये उरलेल्या खोक्यावर एकच गोष्ट शाबूत होती, ती म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूचा आरसा. मी तो जपून ठेवला होता असं नाही. त्याचा स्क्रू निघत नव्हता, म्हणून दाखवायला नेता आला नव्हता. मी गाडीसमोर मांडी घालून बसलो आणि स्क्रूशी झटायला लागलो. मास्तर खाली उतरले. "उलट्या दिशेला फिरवा," म्हणाले. मी पहिल्यांदाच त्यांना "वर जा" असं म्हणालो. आरसा हातात आला तेव्हा माझ्या तळहाताची सालटं निघाली होती आणि समोर जे उरलं होतं, त्याला गाडी म्हणायला कुणी धजलं नसतं. परिवहन कार्यालयातला कारकून तर मुळीच नाही.

धावत परत गेलो. आप्पा डॉक्टरच्या ओट्यावर बसून होते. डॉक्टरने आरसा बघितला आणि उडीच मारली. "अहो, हा तर अस्सल! कुठे मिळाला?"

"एक मूर्ख माणूस आहे माझ्या ओळखीचा," मी म्हणालो.

आप्पांनी मान खाली घातली. हसले की काय, कळलं नाही.

डॉक्टरने आरसा बसवला. आप्पांनी तो दोनदा पुसला, कोन जुळवला, किल्ली फिरवली आणि गाडी खाकरून सुरू झाली. माझा पंप, माझा कार्बुरेटर, माझ्या वायरी. दोनच सीट, त्यामुळे मी फूटपाथवर. आप्पांनी गिअर टाकला आणि गाडी अशी काही सुटली, की शेजारी बसलेल्या डॉक्टरने दोन्ही हातांनी दार धरलं. रस्त्याच्या टोकाला जाऊन ती वळली, परत आली, माझ्यासमोरून गेली, पुन्हा वळली. आप्पांचे विरळ केस उडत होते. ते काहीतरी गुणगुणत होते. मी त्यांना इतक्या वर्षांत गुणगुणताना कधी ऐकलं नव्हतं.

बऱ्याच फेऱ्या झाल्यावर गाडी माझ्यापाशी थांबली. आप्पांनी इंजिन बंद केलं, पण हात स्टिअरिंगवरून काढले नाहीत. डॉक्टर अजून आरशावर खूश होता. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "एक विचारू? त्या तुमच्या ओळखीच्या मूर्खाकडे आणखी काही उरलंय का? जुनं, अस्सल, चालू स्थितीतलं?"

मी तोंड उघडायच्या आत आप्पाच बोलले.

"एक सासरा आहे," ते म्हणाले. "तेवढा मात्र तो आता घरी घेऊन जाणार आहे."